खरी कमाई

माणूस जन्माला येतो तो उघडा, हे खरं. पण फार वेळ तो तसा राहत नाही. हल्लीच्या प्रसूतिगृहात पहिलं रडू थांबायच्या आत त्याच्या मनगटाला नंबराची पट्टी बांधतात. बिल्ल्यांशी त्याची सोयरीक जुळते ती इथून. मग बालवाडीत रुमालाशेजारी टोचलेला नावाचा बिल्ला, शाळेत मॉनिटरचा बिल्ला, गणेशोत्सवात कार्यकर्त्याचा बिल्ला, आणि निवडणुकीत ज्याच्याकडे जेवणाचा बेत चांगला त्या उमेदवाराचा बिल्ला. साहित्य संमेलनाला गेलेला माणूस मांडवात काय ऐकलं ते गावी पोचायच्या आत विसरतो. पण ‘प्रतिनिधी’ असं छापलेला, फीत लावलेला बिल्ला कपाटाच्या खणात पंचवीस वर्षं जपून ठेवतो. माझ्या खणात असे चार आहेत. तेव्हा बिल्ला या वस्तूबद्दल माझ्या मनात आकस नाही, हे आधीच सांगून टाकतो.

प्रश्न आहे तो एवढाच : डोंगरात पायपीट करून आलेल्या पोराच्या छातीवर बिल्ला लावावा की लावू नये?

तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? पाच-दहा रुपयांचा पत्र्याचा तुकडा; लावला काय आणि न लावला काय. पण कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला दरवर्षी आषाढ उजाडला की हा प्रश्न घरात येऊन भिडतो. पुण्याकडे आषाढी वारी येते, तशी आमच्याकडे पन्हाळ्याहून पावनखिंडीची मोहीम निघते. १६६० सालच्या आषाढात, सिद्दी जौहरचा वेढा फोडून शिवाजीमहाराज ज्या वाटेनं विशाळगडाकडे गेले, त्याच वाटेनं हल्ली शाळांची, मंडळांची, गिरिभ्रमण संस्थांची पोरं जुलै महिन्यात तुकड्या-तुकड्यांनी चालत जातात. दोन दिवस, पन्नासेक किलोमीटरची चाल. मसाई पठारावरचा वारा, खोतवाडी-मांडलाईवाडीकडचा चिखल, आणि वरून अखंड धार. घरातून निघताना आई पाठपिशवीत इतकं भरते, की जौहरचा वेढा आणखी चार महिने पडला तरी पोरगं उपाशी राहू नये. पोरगं मात्र पहिल्याच विसाव्याला सगळं वाटून टाकतं आणि पुढे दोन दिवस गावकऱ्यांनी केलेल्या पिठलं-भातावर राजासारखं जेवतं.

शेवटी खिंडीत पोचल्यावर घोषणा होतात, बाजीप्रभूंचं आणि बांदलांचं स्मरण होतं, आणि मग ओळीनं उभं करून प्रत्येकाला एक प्रमाणपत्र आणि एक बिल्ला मिळतो. घरी आल्यावर चिखल धुतला जातो, बिल्ला राहतो. तो शोकेसमध्ये बाहुली आणि ताजमहाल यांच्या मध्ये जाऊन बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना दाखवला जातो.

आता रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या टोळीविषयी सांगायला हवं. आम्ही चौघं. एक मास्तर, म्हणजे निवृत्त शिक्षक. आयुष्यभर शाळेत स्काऊटचं पथक चालवलेले. दुसरे वकीलसाहेब, यांनी वकिली सोडली, पण उलटतपासणी सोडलेली नाही. तिसरे वस्ताद, तरुणपणी तालमीत घुमलेले आणि आता गुडघ्याला पट्टा बांधून चालणारे. चौथा मी, माझ्या नावावर सांगण्यासारखं काही नाही, म्हणून मी लिहितो. फिरण्यापेक्षा बाकावर बसणं आम्हांला जास्त मानवतं. पण फिरायला गेल्याशिवाय बसता येत नाही, हा प्रकृतीचा नियम आहे.

गेल्या जुलैत बिल्ल्याचा विषय बाकावर निघाला आणि मास्तरांनी लगेच तो आपल्या अखत्यारीत घेतला.

“बिल्ल्याला नावं ठेवू नका,” मास्तर म्हणाले. “बेडन-पॉवेलसाहेबानं १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीस-एक पोरांचं शिबिर भरवलं. त्यात बड्या घरची पोरं होती आणि कामगारांचीही होती. तंबू ठोका, चूल पेटवा, माग काढा. पुढच्याच वर्षी त्याचं पुस्तक आलं आणि जगभर पोरं घराबाहेर पडली. त्या सगळ्यामागे बिल्ला होता हो! शाळेत पहिला नंबर एकाचाच येतो. बाकीच्या एकोणसाठ जणांनी काय करायचं? स्काऊटचा बिल्ला कुणाला हरवून मिळत नाही. अट ठरलेली असते. ती जो पुरी करील त्याला तो मिळतो. वर्गातला साठावा पोरगासुद्धा जलतरणाचा बिल्ला मिळवू शकतो.”

मास्तरांचं म्हणणं चुकीचं नाही. भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही आपल्याकडची संघटना १९५० साली एकत्र झाली. तिच्यात प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती पुरस्कार अशी चढण आहे. शिवाय बाहीवर लावायचे प्रावीण्याचे बिल्ले वेगळे : स्वयंपाकी, सायकलस्वार, जलतरण, प्रथमोपचार. मला या पद्धतीत एकच खोट दिसली आहे. आमच्या गल्लीतल्या एका मुलाच्या बाहीवर स्वयंपाकाचा बिल्ला होता. पण आईला ताप आला त्या दिवशी त्यानं चहाचं आधण ठेवायला शेजारच्या काकूंना बोलावलं. “बिल्ला चुलीवरचा आहे, गॅसवरचा नाही,” असं त्याचं म्हणणं.

पण स्काऊटमधली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे ‘खरी कमाई’. तुमच्यापैकी पुष्कळांना ती आठवत असेल. खाकी चड्डीतली पोरं दारात येऊन उभी राहायची. “काका, काही काम आहे का?” सायकल पूस, बूट पॉलिश कर, अंगण झाड, आणि मग त्यांच्या हातावर चार-आठ आणे ठेवायचे. कार्डावर रक्कम लिहून आपण सही करायची. त्या पोरांना मोल किती मिळालं हे आज कुणाच्याच लक्षात नसेल; पण कार्डावर सही घेताना त्यांची मान कशी ताठ व्हायची, ते मला स्पष्ट आठवतं. हा मुद्दा जरा बाजूला ठेवा. पुढे लागणार आहे.

वकीलसाहेबांनी घसा साफ केला. “मास्तर, आपल्या साक्षीदाराला मी दोन प्रश्न विचारू का? पोरगं डोंगरात का जातं? डोंगर आहे म्हणून. पाऊस आहे म्हणून. मित्र आहेत म्हणून. आता त्याच्यासमोर तुम्ही बिल्ला धरलात. उद्या बिल्ला नसेल तर ते जाईल का?”

आणि मग त्यांनी पुरावा दाखल केला. त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो, त्यामुळे त्यांचे पुरावे बहुधा तिकडचेच असतात. १९७३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केलेला लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्रं काढायची मनापासून आवड असलेली लहान मुलं निवडली. काहींना आधी सांगितलं, “चित्रं काढलीत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल.” मुलांनी काढली, त्यांना प्रमाणपत्रं मिळाली. एक-दोन आठवड्यांनी तेच रंगीत पेन वर्गात नुसते ठेवून दिले आणि कोण किती वेळ चित्रं काढतं ते लपून पाहिलं. ज्यांना आधी बक्षिसाचं वचन दिलं होतं, ती मुलं बाकीच्यांच्या निम्मा वेळच पेनांजवळ थांबली. खेळ होता, त्याचं काम झालं. आणि काम म्हटलं की मोबदला आला. मोबदला संपला की काम संपलं.

“म्हणजे गीतेत सांगितलं तेच!” वकीलसाहेब म्हणाले. “कर्म करा, फळावर डोळा ठेवू नका. बिल्ला म्हणजे फळच. पत्र्याचं आहे म्हणून काय झालं?”

मास्तर गप्प झाले. मी घरी येऊन नातवाकडून त्या प्रयोगाची माहिती मोबाईलवर काढवली, तेव्हा वकीलसाहेबांनी आपल्या अशिलाच्या सोयीपुरतंच सांगितलं होतं असं दिसलं. मुलांचा आणखी एक गट होता. त्यांना आधी काही सांगितलं नव्हतं. चित्रं काढून झाल्यावर अवचित तेच प्रमाणपत्र हातात दिलं. त्या मुलांची आवड मुळीच कमी झाली नाही. म्हणजे दोष चांदणीचा नाही आणि फितीचाही नाही. दोष सौद्याचा आहे. ‘चाललास तर देईन’ हे एक, आणि ‘चाललास, मी पाहिलं, हे घे’ हे दुसरं. वस्तू तीच, पण पहिल्यात ती मजुरी असते आणि दुसऱ्यात शाबासकी.

दुसऱ्या दिवशी हे मी बाकावर सांगितलं, तेव्हा इतका वेळ शेंगा फोडत बसलेले वस्ताद बोलले.

“तुमचं ते अमेरिकंचं ऱ्हाऊ द्या. आमच्या येळंला जत्रंत पयल्या कुस्त्या बारक्या पोरांच्या, रेवड्यांवर. पाडलं की मूठभर रेवड्या. थोडं थोर झालं की नारळ. मग रुपया, मग फेटा. मी रेवडीवर धा-बारा कुस्त्या मारल्या असतील. रेवडी खाल्ली की संपलं! मिरवायला हाताशी ऱ्हातंय काय? मग पुन्यांदा लढायचं. हेच चुकतंय तुमच्या बिल्ल्याचं. बिल्ला खाता येत न्हाई.”

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. राजर्षी शाहूमहाराजांनी बांधून घेतलेलं खासबाग मैदान १९१२ साली पुरं झालं. तिथपर्यंत पोचलेला प्रत्येक मल्ल कुठल्या ना कुठल्या जत्रेत रेवडीपासूनच निघालेला असणार. १९६१ साली महाराष्ट्र केसरीची स्पर्धा सुरू झाली. तिच्या विजेत्याला चांदीची गदा मिळते. पण गदेपर्यंत पोचतो तो एक. रेवडी हजारांच्या वाट्याला येते. तिच्यात सोय अशी, की ती विजयाची गोडी जिभेवर ठेवते आणि पुरावा पोटात घालते. हल्ली राजकारणी मंडळींनी ‘रेवडी’ शब्द फुकटच्या वाटपाला लावून बदनाम करून टाकला आहे. आमच्या जत्रेतली रेवडी फुकट नव्हती. तिच्यासाठी पाठीला माती लागण्याची तयारी ठेवावी लागे.

आणि मला पंचगंगेवरचा डबा आठवला. त्या काळी पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीवर हवाबंद पत्र्याचा डबा बांधत. शिकवणारा कुणी प्रशिक्षक नसे; गल्लीतला एखादा दादा घाटावर उभा राहून आरडाओरडा करी, तेवढंच शिक्षण. आठ-पंधरा दिवसांनी एक सकाळ अशी उजाडायची, की दादा म्हणायचा, “आज डबा सोड.” डबा सुटला की पोराच्या पोटात गोळा यायचा, आणि चार हात मारून ते घाटाला लागलं की झालं! ना बिल्ला, ना प्रमाणपत्र. उलट होतं ते काढून घेतलेलं! पण त्या दिवशी घरी जाताना पोरगं जितकं उंच होऊन जायचं, तितकं पुढे पदवी घेऊनही कुणी झाल्याचं मी पाहिलेलं नाही. पाठीवर डबा नसणं हाच त्याचा बिल्ला. आणि तो सगळ्या घाटाला दिसायचा.

‘दिसायचा’ या शब्दापाशी मला थांबायचं आहे. पण त्याआधी आमच्या नातीची हकिकत सांगतो. कारण तिच्यामुळे हा प्रश्न बाकावरून उठून आमच्या स्वयंपाकघरात आला.

नात आठवीत आहे. ती गेल्या जुलैत या मोहिमेला गेली. पहिला दिवस सगळ्यांबरोबर चालली आणि आंबेवाडीला मुक्कामाला पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघता-निघताच एका भाताच्या बांधावरून तिची मैत्रीण घसरली आणि तिचा पाय मुरगळला. चालणं शक्य नव्हतं. भांडीकुंडी वाहणारा टेंपो रस्त्यानं पुढे जाणार होता, त्यात तिला बसवलं. पोरगी रडत होती, कुणीतरी सोबत हवं होतं. आमची नात म्हणाली, “मी बसते.” झालं! दोघी पातेल्यांच्या मध्ये बसून, हातात झारा-पळ्या धरून, बाकीच्यांच्या कितीतरी आधी पांढरपाण्याला दाखल झाल्या. संध्याकाळी नावं पुकारली गेली, तेव्हा त्या दोघींनाही प्रमाणपत्र आणि बिल्ला मिळाला. टाळ्याही वाजल्या.

घरी आल्यावर नातीनं प्रमाणपत्र माझ्यापुढे धरलं. “आजोबा, ह्यात खोटं लिहिलंय.”

त्यात लिहिलं होतं, की कुमारी अमुक हिनं पन्हाळा ते पावनखिंड ही मोहीम पायी यशस्वीरीत्या पूर्ण केली.

सूनबाई म्हणाल्या, “अगं, छापीलच असतं ते. फाईलला लावून ठेव. पुढं उपयोगी पडतं.” आमच्या घरात प्रत्येक मुलाची एक प्लॅस्टिकची फाईल आहे. रंगभरण स्पर्धेपासून पाठांतरापर्यंत जे जे कागद मिळाले ते सगळे तिच्यात आहेत. ती फाईल एके दिवशी कुणीतरी फार मोठा माणूस उघडून पाहणार आहे, अशी आमच्या घराची श्रद्धा आहे. हा मोठा माणूस अजून कुणाच्याच घरी आल्याचं ऐकिवात नाही.

आमच्या सौ. म्हणाल्या, “मैत्रिणीसाठी चालणं सोडलं पोरीनं. उलट दोन बिल्ले द्यायला हवेत!”

नात म्हणाली, “मग तसं लिहा ना. ‘मैत्रिणीसोबत बसली’ असं लिहा. चालली असं का लिहिता?”

दुसऱ्या दिवशी ती बिल्ला परत करायला गेली. संयोजकांपैकी एकजण समजुतीनं म्हणाले, “बाळ, पैसे भरलेत ना तुझ्या वडिलांनी? मग तो तुझाच आहे.”

त्या भल्या माणसाला कल्पना नव्हती, पण आमच्या बाकावरचा सगळा खटला त्यानं एका वाक्यात निकालात काढला होता. ज्याचे पैसे भरले की मिळतो, त्याला पावती म्हणतात. पावतीला टाचणी लावली म्हणून तिचा बिल्ला होत नाही.

नातीनं मग काय केलं? तिनं पट्टी घेतली, ‘पावनखिंड’ या शब्दावर सरळ रेघ मारली आणि वर स्वच्छ अक्षरात ‘आंबेवाडी’ असं लिहिलं. ‘मोहीम’च्या जागी ‘वाटचाल’ केलं. मग मैत्रिणीच्या घरी गेली. मैत्रीण पायाला पट्टी बांधून कॉटवर पडली होती. तिच्याकडून खाली लिहून घेतलं, “पुढे ही माझ्यासोबत टेंपोत होती,” आणि सही घेतली. सोनेरी नक्षीच्या, तीन पदाधिकाऱ्यांच्या छापील सह्या असलेल्या त्या कागदावर शाईनं केलेली ती एकच खरी सही होती. फाईलमध्ये आता तो कागद सर्वांत वर आहे. सूनबाईंना तो ‘खराब झाला’ असं वाटतं. मला वाटतं, आत्ता कुठे तो प्रमाणपत्र झाला.

हे मी रंकाळ्यावर सांगितलं तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मास्तर हळूच म्हणाले, “खरी कमाई.”

आणि मला ती खाकी चड्डीतली पोरं पुन्हा दिसली. कार्डावर सही घेताना त्यांची मान ताठ व्हायची ती आठ आण्यांमुळे नव्हे. अंगण आपण झाडलं, आणि ज्याचं झाडलं त्यानंच तसं लिहून दिलं, यामुळे! म्हणून मला वाटतं, बिल्ला द्यावा की नाही हा प्रश्नच अपुरा आहे. तो देणाऱ्यानं काय पाहिलं, असं विचारायला हवं. बिल्ला म्हणजे साक्ष. डबा सुटलेलं पोरगं सगळ्या घाटानं पाहिलेलं असायचं. रेवडी देणाऱ्या पंचानं कुस्ती डोळ्यांनी पाहिलेली असायची. ज्यानं पाहिलं त्यानं दिली तर रेवडीसुद्धा पदकासारखी आणि न पाहता वाटलं तर पदकसुद्धा लग्नातल्या सुपारीसारखं. पोरांना पत्र्याची हाव नसते हो. आपण केलं ते कुणीतरी नीट पाहावं, एवढीच त्यांची भूक असते. आणि ती भूक आपण पत्र्यावर भागवतो, कारण पाहायला वेळ लागतो आणि पत्रा घाऊक भावानं मिळतो.

“म्हणजे मी जिंकलो,” वकीलसाहेब म्हणाले. “बिल्ला नकोच.”

“बसा खाली,” वस्ताद एकदम तडकले. “नको कसा? खाशाबा जाधवांचं काय केलंत तुम्ही लोकांनी?”

वकीलसाहेब उभे नव्हतेच, तरी बसल्यासारखे झाले. खाशाबा जाधव हे नाव कोल्हापुरात असं मधेच घेतलं की माणसं गप्प होतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा इथे राजाराम कॉलेजात शिकले, इथल्या मातीत घडले. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून रक्कम उभी केली. खाशाबांनी ब्राँझपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि दुसरं यायला १९९६ साल उजाडावं लागलं. देशात अर्जुन पुरस्कार १९६१ पासून दिले जात होते. खाशाबा १९८४ साली अपघातात गेले. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर एक तप उलटून गेल्यावर!

“आता सांगा,” वस्ताद म्हणाले, “त्या मानसानं फळावर डोळा ठिवला न्हवता, म्हणून आपन द्यायचं न्हाई का?”

यावर गीतेतसुद्धा उत्तर आहे असं मला वाटत नाही. फळाची आशा धरू नये हा उपदेश करणाऱ्यासाठी आहे. पाहणाऱ्यानं तो आपल्या सोयीसाठी वापरायचा नसतो. घेणाऱ्यानं मागू नये. पण देणाऱ्यानं विसरू नये. यातला पहिला अर्धा आपण पोरांना अगदी तत्परतेनं शिकवतो. दुसरा अर्धा शिकवायला कुणी मिळत नाही, कारण तो मोठ्यांच्या अभ्यासक्रमातला आहे. खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं, ते पदक मिळाल्यावर नव्हे, मिळायच्या आधी. त्यांनी पोरगं पाहिलं होतं. माझ्या मते खाशाबांचा पहिला बिल्ला तोच.

आणि ज्या वाटेवरून हा सगळा वाद सुरू झाला, त्या वाटेवर तरी काय झालं होतं? पन्हाळ्यावरून त्या रात्री निघालेल्यांना कुणी बिल्ल्याचं वचन दिलेलं नव्हतं. शिवा काशीद महाराजांचा वेश घेऊन पालखीत बसला, तेव्हा ‘सहभागाबद्दल’ काय मिळणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तेव्हाच्या घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले ते तोफांचे बार ऐकू येईपर्यंत. महाराज विशाळगडावर पोचले, एवढीच त्या बारांची बातमी. तीच पोच, आणि तेच बक्षीस. पण पाहणारा विसरला नाही. दरबारात तलवारीच्या पहिल्या पानाचा मान जेध्यांचा होता. या लढाईनंतर तो बांदलांना देण्यात आला, असं परंपरा सांगते. हा मान आधी ठरवून दिलेला नव्हता, पैसे भरून मिळालेला नव्हता, आणि सगळ्यांना सरसकट वाटलेलाही नव्हता. ज्यांच्या जिवावर आपण गडावर पोचलो ते कोण, हे ज्याला ठाऊक होतं, त्यानं तो दिला. खिंडीत ओळीनं बिल्ले वाटताना ही हकिकत पोरांना सांगायला हरकत नाही. चिखलातले पाय जरा सरळ होतील.

पुढच्या जुलैसाठी आमच्या बाकानं संयोजक मंडळींना तीन सूचना करायच्या ठरवल्या आहेत. वकीलसाहेबांनी त्यांचा मसुदा केला आहे, त्यामुळे त्या कुणाला समजतील की नाही सांगता येत नाही. म्हणून इथे सोप्या भाषेत देतो. पहिली : बिल्ला देणारा पाहुणा मोटारीनं येऊ नये, निदान शेवटचा टप्पा तरी पोरांबरोबर चालत यावा. दुसरी, ही वस्तादांची : बिल्ल्याबरोबर मूठभर रेवड्या द्याव्यात, म्हणजे बिल्ला हरवला तरी काही गेलं नाही असं वाटेल. तिसरी मास्तरांची, आणि ती मला सर्वांत पटली : प्रमाणपत्रावर कुठून कुठपर्यंत ही जागा कोरी ठेवावी. ती ज्याची त्यानं भरावी, आणि खाली शेजारी चालणाऱ्यानं सही करावी.

या तिसऱ्या सूचनेवर वकीलसाहेबांनी शंका काढलीच : “आणि पोरांनी खोटं भरलं तर?”

मास्तर म्हणाले, “आठवीतली पोरं भरणार नाहीत. आपल्या वयाच्या लोकांना मी कोरा कागद देणार नाही.”

आम्ही चौघेही हसलो. पण जरा जपूनच. आम्हां पेन्शनरांना आता वर्षातून एकच प्रमाणपत्र लागतं, ते म्हणजे नोव्हेंबरातला हयातीचा दाखला. पूर्वी त्यासाठी बँकेत समक्ष उभं राहावं लागे. साहेब चष्म्यावरून पाही, “बरे आहात ना?” म्हणे आणि सही करी. आता मोबाईलसमोर तोंड धरलं तरी यंत्र मान्य करतं, की हा माणूस आहे. सोय झाली, तक्रार नाही. पण मास्तर अजून बँकेतच जातात. विचारलं तर म्हणतात, “यंत्रानं ओळखलं, हे खरं, पण पाहिलं कुठं?”